निळ्या जोडीची जागा

जॉइंटरकाकांनी चौतीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या. खड्ड्यात उतरून, उकिडवं बसून, डोक्यावर ताडपत्री आणि मांडीवर तारांचा पसारा घेऊन. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातचा एकही जोड पुन्हा उघडावा लागला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्या कुणी सांगितली की मान खाली घालून चहा ढवळत बसत, साखर केव्हाच विरघळून गेलेली असली तरी.

काम शिकले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. रंग येत होते. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. प्रत्येक तारेला एक सोबतीण, आणि दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या. शंभर जोड्यांची केबल सोलून समोर टाकली तरी काका पाढे म्हटल्यासारखे एकेक जोडी बाजूला काढत. मुकादमानं पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, ‘‘जोडी फोडायची नाही. फोडलीस, तर एकाच्या घरचं भांडण दुसऱ्याच्या कानात जाईल.’’ काकांनी हे असं मनात ठेवलं, की घरी वाळत घातलेले मोजेसुद्धा ते जोडीजोडीनंच काढत.

त्यांच्या टोळीत एक रीतही होती. जोड बिघडला आणि तो आपलाच आहे असं कळलं, तर सुरी लावण्याआधी खड्ड्यातून तोंड वर काढून मोठ्यानं म्हणायचं, ‘‘माझा जोड.’’ म्हणजे पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसावर आळ येत नसे. शब्द दोनच, पण ते म्हणताना भल्याभल्यांच्या कपाळाला घाम फुटे. काकांवर ती वेळ कधी आली नव्हती.

अक्षर त्यांना त्रेचाळिसाव्या वर्षी आलं. जोडकामाची वही स्वतः लिहायची असा नियम निघाला, म्हणून संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले. त्यांची थोरली मुलगी तेव्हा शाळेत होती. ती बापाची वही तपासायची आणि ‘ळ’ला पोट नीट काढलं नाही म्हणून लाल रेघ मारायची.

ती थोरली आता गावातल्या वाचनालयात कामाला होती. दोन वर्षं ती ग्रंथपालबाईंच्या मागे लागली होती, की मागच्या लांबोळक्या खोलीत वीस संगणक मांडू आणि ज्यांनी कधी माउस हातात धरला नाही अशांना शिकवू. शेवटी बाई तयार झाल्या. अट एकच. गुरुवारी अकरा वाजता समितीसमोर वीसच्या वीस संगणक एकाच वेळी चालले पाहिजेत. चालले, तर खोली थोरलीची. नाही चालले, तर काम बाहेरच्या माणसांकडे जाईल आणि थोरली पुन्हा पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी.

‘‘तारा ओढायला माणूस मिळेना,’’ थोरली घरी म्हणाली.

‘‘समोर बसलाय तो कोण मग?’’ तिची आई म्हणाली. ‘‘दिवसभर खिडकीतून दुसऱ्यांच्या तारा मोजत असतो. ने त्याला.’’

अशी कामाला सुरुवात झाली.

वीस केबली म्हणजे चाळीस टोकं. एक टोक संगणकापाशी, दुसरं कोपऱ्यातल्या कपाटातल्या स्विचपाशी. प्रत्येक टोकाला नखाएवढा पारदर्शक कनेक्टर, त्यात आठ तारा ओळीनं बसवायच्या आणि पकडीनं दाबायच्या. थोरलीनं रंगांचा क्रम कागदावर काढून डब्याच्या झाकणाला चिकटवला आणि ती आपल्या कामाला गेली.

काकांनी चष्मा लावून तो कागद वाचला. पांढरा-नारिंगी, नारिंगी. ठीक. पांढरा-हिरवा. ठीक. मग निळा, पांढरा-निळा. आणि त्यानंतर हिरवा.

त्यांनी पुन्हा वाचलं. हिरव्याची सोबतीण तिसऱ्या जागी, हिरवा सहाव्या जागी, आणि मध्ये निळी जोडी पाय पसरून बसलेली. पोरीनं कुठूनतरी उतरवून घेताना गफलत केली, त्यांना वाटलं. चार जोड्यांतली एक सरळ सरळ फोडलेली. चार लोकांत हे दिसलं असतं तर तिचंच हसं झालं असतं.

तेव्हा त्यांनी तिला काही न सांगता ते निस्तरलं. नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, चारी शेजारी शेजारी, जशी देवाघरची रांग. चाळीसही टोकांना तोच क्रम. नेहमीच्या सवयीनं प्रत्येक टोकाला हातभर तार जास्त सोडून तिचं वेटोळं बांधून ठेवलं. मग टेस्टर लावला. दोन्ही टोकांना एकापाठोपाठ एक आठ हिरवे दिवे. वीसच्या वीस केबलींवर. काका मान खाली घालून पकड पुसत बसले.

रविवारी थोरलीनं दुसरं काम आणलं. खोलीत येणाऱ्या नवख्या माणसांसाठी भिंतीवर पाट्या लावायच्या होत्या, एका पाटीवर एक शब्द आणि त्याचा अर्थ. पाटी आधी बापानं वाचायची. त्यांना कळली, तर भिंतीवर जाणार.

‘‘हे बरं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘आधी माझ्या वहीवर लाल रेघा, आता माझ्याच डोक्यावर प्रयोग.’’

‘‘वाचा, बाबा.’’

काका बोट ठेवून मोठ्यानं वाचत. ‘‘नेटवर्क. दोन किंवा जास्त संगणक एकमेकांशी बोलता यावेत म्हणून जोडले, की ते नेटवर्क. हं. पुढं. स्विच. एकाच खोलीतले संगणक ज्या डब्याला जोडलेले असतात तो डबा. ज्याचा निरोप, त्यालाच पोचवतो.’’ त्यांनी मान वर केली. ‘‘म्हणजे एक्स्चेंज. छोटं.’’

‘‘तसंच.’’

‘‘मग तसं लिही ना. आणि हा राउटर काय वेगळा?’’

‘‘स्विच खोलीतल्या खोलीत बघतो. राउटर खोलीतलं बाहेर नेतो आणि बाहेरचं खोलीत आणतो. कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवतो.’’

‘‘तुझी आत्या,’’ आई आतून म्हणाली. ‘‘या घरातलं काहीही बाहेर जायचं तर तिच्याचकडून जातं.’’

‘‘माझी बहीण निदान वाट चुकत नाही,’’ काका म्हणाले आणि पुढची पाटी घेतली. ‘‘आयपी पत्ता. नेटवर्कातल्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक. हा कोण देतो?’’

‘‘आपल्याकडं राउटर देतो. यंत्र सुरू झालं की त्याला एक मोकळा क्रमांक मिळतो. बंद करून ठेवलं तर काही वेळानं तो दुसऱ्याला जाऊ शकतो.’’

काकांनी विचार केला. ‘‘वाचनालयात शिरताना पिशवी ठेवली की पितळी बिल्ला देतात. जाताना परत घेतात. तसा?’’

थोरलीनं पेन उचललं आणि पाटीवरचं सगळं खोडून बिल्ल्याचं लिहिलं.

पॅकेटपाशी मात्र गाडं अडलं. निरोप सलग जात नाही, त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता नि क्रमांक असतो, हे काकांना मुळीच पटेना. ‘‘चांगला निरोप फाडायचा कशाला?’’

‘‘एकाच तारेवर सगळ्यांना आळीपाळीनं वाट मिळावी म्हणून. एखादा तुकडा हरवला, तर तेवढाच पुन्हा मागवता येतो.’’

‘‘आणि शेवटी जुळवतो कोण?’’

‘‘समोरचा संगणक. क्रमांक बघून.’’

‘‘शिंप्याकडं बघा,’’ आई पुन्हा आतून म्हणाली. ‘‘कापडाचे दहा तुकडे करतो, खडूनं खुणा करतो. डावी बाही, उजवी बाही, कॉलर. कारागीर खुणा बघून शिवतो. शेवटी सदराच होतो ना?’’

बापलेकीनं एकमेकांकडं पाहिलं. त्या दिवशीची सगळ्यात चांगली पाटी आईच्या नावावर गेली, आणि ती हे संध्याकाळपर्यंत कुणाला विसरू देईना.

सर्व्हरची पाटी काकांनी एका दमात वाचली: मागेल त्याला मागेल ते काढून देणारा संगणक, पुस्तकं देणाऱ्या टेबलासारखा. वाय-फायची पाटी वाचून बाजूला ठेवली. ‘‘तारेशिवाय. लिहिलंयस बरोबर. पण मला आवडलेलं नाही.’’

सोमवारी थोरलीनं वीस यंत्रं सुरू केली. कपाटाजवळचे पाच-सहा संगणक रडतखडत का होईना, चालले. त्यापुढचे अडखळू लागले. पलीकडच्या भिंतीचे तर अर्धं पान दाखवून गप्प बसले. विसाव्या यंत्राची तार सगळ्यात लांब, दोन भिंतींच्या कडेनं फिरून गेलेली. त्याचा संबंध मिनिटाला तुटत होता, पुन्हा जुळत होता.

थोरलीनं राउटर बंद करून सुरू केला. स्विच बदलला. एकेका यंत्राचा पत्ता तपासला. मंगळवारीही तेच. ग्रंथपालबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘‘तारांचं बघितलंत?’’

‘‘तारा बाबांनी जोडल्यात,’’ थोरली म्हणाली. ‘‘तिकडं बघायची गरज नाही.’’

काका तिथंच स्टुलावर चढून वेटोळी सारखी करत होते. त्यांची मान आपोआप खाली गेली.

मंगळवारी संध्याकाळी थोरली जेवणाच्या टेबलाशी शेवटची पाटी लिहीत बसली. चेहरा उतरलेला. काकांनी पाटी ओढून घेतली आणि बोट ठेवलं.

‘‘केबल. आठ तारा, चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो, म्हणून तो वजा करता येतो आणि निरोप स्वच्छ राहतो.’’ ते थांबले. ‘‘हे मला सांगतेस?’’

‘‘तुम्हाला नाही, नवख्यांना. पुढं वाचा.’’

‘‘आपल्या खोलीतले संगणक पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर बोलतात. तिसऱ्या आणि सहाव्या तारेवर ऐकतात.’’ काकांचं बोट ‘सहाव्या’वर थांबलं. ‘‘सहाव्या? चौथ्या म्हण.’’

‘‘नाही बाबा, सहाव्याच. म्हणून तर हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी बसते. मधल्या दोन जागा आधीच धरून ठेवलेल्या होत्या ना.’’

‘‘कुणासाठी?’’

‘‘तुमच्यासाठी,’’ थोरली पाटीवरची धूळ झटकत म्हणाली. ‘‘टेलिफोनसाठी. टेलिफोनची जोडी कायम मधोमध बसायची, निळी. मागून संगणकवाले आले. त्यांनी ती जागा हलवली नाही. भिंतीतली तीच भोकं टेलिफोनलाही चालावीत म्हणून स्वतः दोन्ही बाजूंनी सरकून बसले.’’

काकांनी पाटी खाली ठेवली. डोळ्यांसमोर त्यांची रांग आली. तिसऱ्या जागी पांढरा-हिरवा. सहाव्या जागी निळा. यंत्र कान लावणार त्या दोन तारा दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या. त्या दोघींचा एकमेकींशी पीळच नाही. टेस्टर आपला आठ दिवे लावून मोकळा. तार इथून तिथं पोचते का एवढंच त्याला कळतं, कुणाची सोबतीण कोण हे नाही कळत. ज्यांनी आयुष्यभर जोडी फोडली नाही, त्यांनी चाळीस वेळा फोडली होती. आणि ती सांभाळतोय असं समजून.

‘‘कळली का पाटी?’’ थोरलीनं विचारलं.

‘‘कळली,’’ काका म्हणाले. ‘‘लाव भिंतीवर.’’

बुधवारी वाचनालय उघडायच्या तासभर आधी त्यांनी पहारेकऱ्याला उठवून खोली उघडून घेतली. विसाव्या यंत्राची दोन्ही टोकं कापली. सोडलेली हातभर तार कामी आली. कागदावरच्या क्रमानं तारा लावताना हिरवी बाजूला सारून निळी मध्ये बसवायला बोटं तयार होईनात; दोनदा आपसूक जुन्या रांगेला गेली. शेवटी दाबलं, यंत्र सुरू केलं. पान धडाधड उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. संबंध एकदाही तुटला नाही.

मग ते खुर्चीवर बसून राहिले. एकोणीस केबली उरल्या होत्या. मुकाट्यानं बदलल्या असत्या, तर कुणाला कळलं असतं? टेस्टर आधीही आठ दिवे दाखवत होता, नंतरही आठच दाखवणार. थोरलीला वाटलं असतं, नवा स्विच उशिरा का होईना वठणीवर आला. त्यांच्या चौतीस वर्षांना ओरखडाही पडला नसता.

बाहेर पावलं वाजली. ग्रंथपालबाई आणि थोरली बोलत येत होत्या.

‘‘मांडणीच माझी चुकली असणार,’’ थोरली म्हणत होती. ‘‘कुठं ते सापडत नाहीये. उद्याचं रद्द करायचं असेल तर तसं मी लिहून देते. चूक माझी म्हणून.’’

काका उठले. गुडघे वाजले. एका हातात पकड होती, दुसऱ्या हातात कापलेलं टोक.

‘‘माझा जोड,’’ ते म्हणाले.

खड्ड्यातून वर ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले. भिंतीजवळ खुर्ची नसती तर बाईंचा तोल गेला असता. बाईंना काहीच उमगलं नाही, पण थोरली जागच्या जागी थांबली. लहानपणापासून टोळीच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या तिनं. हे दोन शब्द तिच्या बापानं कधी म्हटलेले नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

काकांनी सगळं सांगितलं. कागद कसा वाचला, चूक उतरवून घेताना झाली असं कसं वाटलं, कुणाला न विचारता कसं निस्तरलं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

‘‘सगळीकडं हीच चूक?’’

‘‘चाळीसच्या चाळीस, बाई. एकही टोक वेगळं नाही,’’ काका म्हणाले, आणि एवढ्या शरमेतही त्यांच्या आवाजात जराशी ऐट आलीच.

थोरलीनं कापलेलं टोक उजेडात धरलं. पारदर्शक कनेक्टरमध्ये चार जोड्या नीटनेटक्या बसल्या होत्या. कुणालाही दिसलं असतं. ‘‘बाबा, मी हे बघितलंच नाही.’’

‘‘का नाही बघितलंस?’’

‘‘तुमचं होतं म्हणून.’’

‘‘तेवढं मात्र तुझं चुकलं,’’ काका म्हणाले. ‘‘यापुढं माझंही बघायचं. माझा ‘ळ’ बघायचीस तसं.’’

‘‘उद्या अकराच्या आत होईल?’’ बाईंनी विचारलं.

‘‘आज दिवेलागणीच्या आत होईल.’’

बापलेक जमिनीवर समोरासमोर बसले. ती कापायची, सोलायची. ते बसवायचे, दाबायचे. मग तिनंही पकड मागितली. तिचं पहिलं टोक काकांनी डोळ्याजवळ नेलं आणि सरळ कापून टाकलं.

‘‘अहो बाबा, क्रम बरोबर होता.’’

‘‘क्रम बरोबर, पीळ सैल. बोटभर उसवलायस. कनेक्टरच्या दारापर्यंत तारा पिळलेल्या राहिल्या पाहिजेत. जोडी शेवटच्या क्षणी सोडायची.’’

दुसरं टोकही कापलं. तिसरं त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिलं आणि पुढच्या केबलीला हात घातला. थोरलीनं मान खाली घातली. ती सवय तिच्यात कुठून आली हे सांगायला नको. शेवटची केबल झाली तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. काकांनी प्रत्येक केबलीला कागदी चिठ्ठी बांधली. टोळीत तशी पद्धत होती, जोड कुणाचा ते कळावं म्हणून. चिठ्ठीवर आपली खूण केली, अक्षर येत नव्हतं तेव्हापासूनची, एक गोल आणि आत दोन रेघा. मग पेन थोरलीपुढं केलं.

‘‘तुझीही कर. अर्धे जोड तुझे आहेत.’’

गुरुवारी अकराला खोली भरली. समितीचे पाच जण मागे उभे, आणि वीस खुर्च्यांवर वीस नवखी माणसं. विसाव्या यंत्राशी चौकातला शिंपी बसला होता, माउस कात्रीसारखा धरून. त्याच्या शेजारी काकांची बायको. ती पाहुणी म्हणून आली होती, पण रिकामी खुर्ची दिसल्यावर उभं राहणाऱ्यातली ती नव्हे.

थोरलीनं सांगितलं, तसं वीस जणांनी एकदमच बटण दाबलं. वीस पडद्यांवर एकच व्हिडिओ सुरू झाला, एका नदीचा, उगमापासून समुद्रापर्यंत. काका नदी बघत नव्हते. ते स्विचवरचे दिवे बघत होते. वीस दिवे लुकलुकत होते, एकही विझेना. नदी समुद्राला मिळाली. कुठंही अडखळली नाही.

‘‘म्हणजे हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी आलं?’’ शिंप्यानं पाटीकडं बोट दाखवून विचारलं. ‘‘बाह्या, कॉलर असं?’’

‘‘ती पाटी मी सांगितलेली आहे,’’ काकांची बायको म्हणाली.

‘‘शिवण तर कुठं दिसत नाही.’’

‘‘कारागीर चांगला असला की नाही दिसत,’’ ती म्हणाली.

समितीचे अध्यक्ष भिंतीलगत एकेक पाटी वाचत चालले होते. केबलच्या पाटीपाशी थांबले. त्या पाटीवर थोरलीच्या मजकुराखाली आणखी काही ओळी होत्या, मोठ्या, सावकाश काढलेल्या अक्षरांत. ‘मधली जागा निळ्या जोडीची आहे. ती टेलिफोनसाठी राखून ठेवली होती, म्हणून हिरव्या जोडीनं तिला मध्ये घेतलं आहे. आपल्याला पटलं नाही तरी बदलू नये, आधी विचारावं.’

‘‘हे कुणी लिहिलं?’’

‘‘माझ्या बाबांनी,’’ थोरली म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली. ‘‘या खोलीतल्या तारा त्यांनी जोडल्या. बिघडल्या होत्या, तर बिघाडही त्यांनीच शोधला, आणि ‘माझा जोड’ म्हणून मोठ्यानं सांगितलं. मी त्यांच्याकडून शिकलेय.’’

अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं. ग्रंथपालबाईंनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि थोरलीच्या टेबलावर ठेवली. काका दाराजवळच्या टेबलाशी उभे होते, तिथं पाहुण्यांसाठी चहा मांडला होता. त्यांनी एक कप पुढं ओढला आणि मान खाली घालून चमचा फिरवायला सुरुवात केली.

‘‘अहो,’’ त्यांची बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाली, ‘‘त्यात अजून साखर घातलेली नाही.’’

काका ढवळत राहिले.